खर्जाची पेटी

ज्या विषयावर मी आज बोलणार आहे तो आपल्याला ऐकवण्याची सोय मजपाशी नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. आपल्यापुढे असलेल्या रेडिओतील ध्वनिक्षेपक बहुधा तळहाताएवढा असेल. त्याच्याकडून मध्यम आणि तार सप्तकांची सेवा उत्तम घडते; परंतु १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदास शंभर कंपनांच्या खाली त्याची वाचा जवळजवळ बंद होते. तरीही रेडिओवर गायन चालू असता तंबोऱ्याची खर्जाची तार आपल्याला ऐकू येते, असे आपण शपथेवर सांगू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यात ही तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागलेली असते. तो मूळ स्वर लहान रेडिओतून बाहेर पडतच नाही म्हटले तरी चालेल. बाहेर पडतात ते त्याचे १३८, २०७, २७६ असे वरचे स्वरांश; आणि त्यांच्यातील अंतरावरून कान मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. कानाच्या या उदारपणावर आपण कित्येक वर्षे सुखाने संगीत ऐकत आलो आहोत.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा उदारपणा पुरा पडत नाही. भूकंप, मेघगर्जना, दूरवरून येणारी आगगाडी यांच्यातील २० ते ४० हर्ट्झचा भाग कानांनी ऐकण्यापेक्षा छातीने आणि खुर्चीने अनुभवण्याचा असतो, आणि छातीला स्वरांश जुळवता येत नाहीत. १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या अमेरिकन चित्रपटासाठी चित्रगृहांत मुद्दाम प्रचंड ध्वनिक्षेपक बसवण्यात आले, ते याच कारणाने. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींत या खोल नादासाठी वेगळी सोय होती, आणि १९९२ मध्ये ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बीची अंकीय पद्धत आली तेव्हा त्या नादाला स्वतंत्र वाहिनी मिळाली. खोक्यांवर ‘५.१’ असे छापलेले असते, त्यातील ‘.१’ म्हणजे ही वाहिनी. तिची धाव १२० हर्ट्झपर्यंतच. परंतु ती इतर वाहिन्यांपेक्षा १० डेसिबेल अधिक जोराने वाजावी, असा संकेत आहे. घरी हे काम जो ध्वनिक्षेपक करतो तो सबवूफर. त्याचे दोन भाग, थरथरणारा ड्रायव्हर आणि त्याला धरून ठेवणारी पेटी, नीट कसे निवडावे, हा आजचा विषय.

मी हा विषय शिकलो तो आधी पैसे घालवून. बाजारात गेलो, हाताने वजन करून ज्याचे चुंबक सर्वांत जड तो बारा इंची ड्रायव्हर विकत घेतला, आणि सुताराला बोलावून दूरदर्शन संचाखालच्या कोनाड्यात बसेल एवढी, म्हणजे आतून २५ लिटरची, पेटी करून घेतली. कोनाड्याच्या मापावरून पेटी आणि पेटीच्या मापावरून नाद, असा हा उलटा क्रम होता. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावरील घोडा, मोटार आणि वीज ही तिन्ही एकाच स्वरात बोलू लागली. तो स्वर म्हणजे एक लांबलचक ‘हूं’. घरच्या मंडळींनी तीन दिवस कौतुक केले. चौथ्या दिवशी संवाद ऐकू येत नाहीत अशी तक्रार आली, आणि ती रास्त होती.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघा अभियंत्यांनी १९२५ मध्ये जो ध्वनिक्षेपक सिद्ध केला, त्याच घडणीचे ध्वनिक्षेपक आजही बहुतेक ठिकाणी आहेत: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उंच स्वरांत याने फारसे बिघडत नाही. पण ३४ हर्ट्झची ध्वनिलहर दहा मीटर लांबीची असते. एवढ्या लांब लहरीला फूटभर रुंदीच्या ड्रायव्हरला वळसा घालणे म्हणजे काहीच नव्हे. मागची विरळ हवा पुढे येते, पुढच्या दाबाला गिळते, आणि उरते ती नुसती शंकूची धडपड. म्हणून मागची लहर कोंडावी लागते. पेटीचे हे आद्य कर्तव्य.

परंतु कोंडलेली हवा गप्प बसत नाही. ती स्प्रिंगसारखी वागते, आणि पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ. एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थाने १९५४ मध्ये या अडचणीचाच उपयोग करून घेतला. शंकूला धरून ठेवणारी किनार त्याने मुद्दाम सैल ठेवली आणि ताठपणाचे काम पेटीतील हवेवर सोपवले. त्यामुळे पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या पेटीतून, तोपर्यंत कपाटाएवढ्या पेट्यांतूनच निघणारा खर्ज निघू लागला. त्याच्या सहकाऱ्यांपैकी अँटन हॉफमन, जगप्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा, याच्या नावाने एक नियम आजही सांगितला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणतीही दोनच मागा. तिसरी मिळणार नाही. दुकानदार तिन्ही देऊ करतो तेव्हा हा नियम स्मरावा.

तरी १९६० पर्यंत पेटीचे माप ठरवणे ही बव्हंशी हातचलाखीच होती. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये एक निबंध लिहिला आणि ध्वनिक्षेपकाच्या पेटीचे गणित विद्युत्-गाळण्यांच्या गणिताशी जोडून दाखवले. निबंध ऑस्ट्रेलियातच छापला गेल्यामुळे दहा वर्षे जगाने त्याची दखल घेतली नाही. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा प्रसिद्ध झाला, आणि सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी लगेचच्या एकदोन वर्षांत त्याचा विस्तार केला. पुढे थील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नभोवाणी संस्थेच्या सेवेत होते, हे या ठिकाणाहून सांगताना मला थोडा आनंद होतो. आज कोणत्याही बऱ्या ड्रायव्हरसोबत जो आकड्यांचा कागद येतो, तो या दोघांच्या नावाने ओळखला जातो. तो कागद नसेल तर ड्रायव्हर घेऊ नये, मग चुंबक कितीही जड असो.

त्या कागदावरील बरेच आकडे सोडून दिले तरी चालतात. चार सोडता येत नाहीत. पहिला एफ.एस.: ड्रायव्हर मोकळा असता ज्या कंपनसंख्येवर तो आपणहून डोलतो ती. दुसरा क्यू.टी.एस.: हे डोलणे किती लवकर आवरते याचे माप. तिसरा व्ही.ए.एस.: ड्रायव्हरच्या किनारीचा लवचीकपणा किती लिटर हवेच्या लवचीकपणाइतका आहे ते. चौथा एक्समॅक्स: शंकू मध्यापासून एका बाजूस किती मिलिमीटरपर्यंत इमानाने सरकतो ते.

माझ्या ड्रायव्हरचा कागद मी खरेदीनंतर दोन महिन्यांनी वाचला. एफ.एस. २२ हर्ट्झ, क्यू.टी.एस. ०.४५, व्ही.ए.एस. १०० लिटर. आता बंद पेटीचे गणित शाळकरी मुलालाही येईल असे आहे. व्ही.ए.एस.ला पेटीच्या लिटरांनी भागावे, त्यात एक मिळवावा, आणि वर्गमूळ काढावे. त्या वर्गमूळाने एफ.एस.ला आणि क्यू.टी.एस.ला गुणले की पेटीत बसवल्यानंतरचे आकडे मिळतात. माझी पेटी २५ लिटरची. म्हणजे १०० भागिले २५ बरोबर ४, अधिक १ बरोबर ५, वर्गमूळ २.२४. गुणाकार केला तर अनुनाद ४९ हर्ट्झवर आणि क्यू १ वर गेलेला. हा क्यू ०.७ च्या आसपास असावा, तेथे नाद सपाट राहतो. त्याहून बराच वर गेला की अनुनादाच्या जवळपास आवाज फुगतो आणि उशिरा आवरतो. म्हणजे २२ हर्ट्झचा समंजस ड्रायव्हर घेऊन मी त्याला कोनाड्यात आवळून ४९ चा केला होता! त्याच ड्रायव्हरला ६८ लिटर दिले तर वर्गमूळ १.५७ येते, क्यू ०.७१ होतो, आणि अनुनाद ३५ हर्ट्झवर उतरतो. पुढे मी हीच पेटी केली. आतून ४० बाय ४० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे ७२ लिटर. त्यातले चारेक लिटर ड्रायव्हरचा मागचा भाग आणि आडव्या पट्ट्या खातात.

बंद पेटीचा मोठा गुण असा की अनुनादाच्या खाली आवाज एकदम तुटत नाही. दर सप्तकाला १२ डेसिबेल या बेताने उतरतो. दुसरा प्रकार भोकाच्या पेटीचा. मागची लहर कोंडण्याऐवजी तिला एका नळीतून बाहेर काढून कामाला लावायचे, ही युक्ती. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो घुमतो, तोच हा नाद. नळीतील हवेचा ठोकळा पेटीतील हवेच्या स्प्रिंगवर डोलतो, आणि त्या ठरावीक कंपनसंख्येवर शंकू जवळजवळ स्थिर राहून नळीच सगळे काम करते. त्याच विजेत, त्याच ड्रायव्हरमधून तेथे बराच अधिक खर्ज मिळतो.

मग सर्वांनीच नळी का बसवू नये? एक तर पेटी मोठी लागते. शिवाय ज्या स्वरावर नळी जुळवली त्याच्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डेसिबेल कोसळतो, आणि शंकूला मागून कसलाच आधार उरत नाही; भलत्या खोल नादाला तो हातपाय झाडून स्वतःला इजा करून घेतो. त्यासाठी ध्वनिवर्धकात खालचे स्वर अडवणारी गाळणी असलीच पाहिजे. आणि नळीचे माप ही तर चेष्टेची गोष्ट नव्हे. १०० लिटरची पेटी २० हर्ट्झवर जुळवायची तर १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे अर्धा मीटर लांब लागते. एवढ्या अरुंद नळीतून हवा जोराने जाऊ लागली की फुस्स-फुस्स असा आवाज येतो. तो टाळण्यासाठी व्यास १५ सेंटिमीटर केला तर लांबी सव्वा मीटरच्या घरात जाते, आणि मग पेटीत नळी बसवावी की नळीत पेटी, असा प्रश्न पडतो. सांडपाण्याचे ११० मिलिमीटरचे प्लास्टिकचे पाइप या कामी पुष्कळजण वापरतात. मापाला ते सोयीचे आहेत. ज्या ड्रायव्हरचा क्यू.टी.एस. ०.३ ते ०.४ च्या दरम्यान असेल त्याला नळीची पेटी मानवते. माझ्यासारखा ०.४५ चा असेल तर बंद पेटीतच त्याने संसार करावा. मोटारगाड्यांसाठी बनवलेले ड्रायव्हर आपल्याकडे स्वस्त आणि सर्वत्र मिळतात. त्यांतील पुष्कळ गाडीच्या चिमुकल्या बंदिस्त जागेचा हिशेब धरून केलेले असतात, म्हणून त्यांचा कागद दुप्पट काळजीने वाचावा. कर्णे, दुहेरी कप्प्यांच्या पेट्या वगैरे प्रकार आहेत. हौशी माणसाने पहिल्या खेपेस त्यांच्या वाटेस जाऊ नये.

आता शंकूचा आकार. खर्ज म्हणजे हलवलेली हवा, दुसरे काही नाही. आणि स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी शंकूला चौपट सरकावे लागते. मोकळ्या जागी जमिनीवर ठेवलेल्या बारा इंची शंकूचे क्षेत्र ५०० चौरस सेंटिमीटर धरू. एक मीटर अंतरावर १०० डेसिबेल मिळवण्यासाठी तो ४० हर्ट्झला ५ मिलिमीटरहून थोडा कमीच सरकतो. २० हर्ट्झला त्याच कामासाठी १९ मिलिमीटर लागतात. आठ इंची शंकूवर हेच ओझे टाकले तर त्याला साडेचार सेंटिमीटर सरकावे लागेल, आणि तसा आठ इंची ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही. म्हणून एक्समॅक्स आणि क्षेत्र यांचा गुणाकार पाहावा, वॅटचा आकडा नव्हे. वॅटविषयी तर बोलूच नये. एके काळी आपल्या बाजारात हातभर खोक्यावर ‘पी.एम.पी.ओ.’ या अक्षरांपुढे हजारो वॅट छापलेले असत, आणि त्याच खोक्याची भिंतीतली वायर पन्नास-साठ वॅटसुद्धा ओढत नसे.

तथापि प्रत्येकाने २० हर्ट्झचा हट्ट धरावा असे नाही. ज्यांच्या घरी मुख्यतः नाट्यसंगीत, अभंग आणि जुने चित्रपट चालतात त्यांना ४० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे जाणारी दहा इंची बंद पेटी आयुष्यभर पुरेल. डग्ग्याची घुमक तीत उत्तम उतरते.

पेटीचे लाकूड १८ मिलिमीटरहून पातळ नसावे, आणि समोरासमोरच्या भिंती आतून आडव्या पट्टीने जोडाव्या, नाही तर पेटीच ड्रायव्हर होऊन वाजू लागते. परदेशी पुस्तकांत लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळ्यांची, म्हणजे एम.डी.एफ.ची, शिफारस असते. ज्यांनी कोकणात किंवा मुंबईत पावसाळा काढला आहे त्यांनी चांगला जलरोधक प्लायवूड घ्यावा. कडेने पाणी प्यालेली ती फळी फुगते आणि मग तिला कोणताही स्क्रू धरत नाही. सांधा हवाबंद पाहिजे. सुताराला हे पटवणे कठीण जाते, कारण पेटी म्हणजे कपाट अशी त्याची समजूत असते. मी माझ्या सुताराला पाण्याची टाकी कर, असे सांगितले. मग त्याने एकही फट ठेवली नाही.

एवढे सगळे जमले तरी शेवटचा शब्द खोलीचा असतो. माझी दिल्लीतील सरकारी निवासस्थानातील खोली १२ फूट रुंद, १५ फूट लांब आणि १० फूट उंच. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले की त्या दोन भिंतींचा स्वतःचा सूर निघतो. माझ्या खोलीचे सूर ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झ. पहिल्या पेटीचा अनुनाद ४९, खोलीची रुंदी ४७ वर सूर धरून बसलेली, आणि मी पेटी ठेवलेली नेमकी कोपऱ्यात, जेथून खोलीचे सगळे सूर एकदम जागे होतात. त्या लांबलचक ‘हूं’चा उगम असा तिघांच्या संगनमतात होता. बदलीच्या नोकरीत हे गणित दर चार वर्षांनी नव्याने मांडावे लागते.

जागा शोधण्याची एक पद्धत हास्यास्पद दिसते पण अचूक आहे. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या खुर्चीवर ठेवावा, खर्जाचे सावकाश चढत जाणारे स्वर लावावे, आणि आपण स्वतः भिंतीकडेने रांगत कान जमिनीशी नेऊन ऐकत जावे. जेथे सगळे स्वर सारख्या जोराने येतात तेथे पेटी ठेवावी. हे करताना दार लावून घ्यावे. माझ्याकडे त्या वेळी कार्यालयातील शिपाई सहीसाठी कागद घेऊन आला होता. खर्च झेपत असेल तर एका मोठ्या पेटीऐवजी दोन मध्यम पेट्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवाव्या. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये हा प्रश्न पद्धतशीर तपासून दाखवला. दोन पेट्यांनी खोलीचे काही सूर परस्परच मिटतात आणि कोचावरील सर्वांना जवळजवळ सारखे ऐकू येते. मुख्य ध्वनिक्षेपकांकडून सबवूफरकडे सूत्रे देण्याची सीमा ८० हर्ट्झ धरावी. त्याखाली आवाज कोठून येतो हे कानाला फारसे कळत नाही.

माझ्या नव्या पेटीने घरातील तक्रार मिटवली. राहिली ती घराबाहेरची. आमच्या खालच्या मजल्यावर नागपूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. वसाहतीत लहानथोर सर्व त्यांना बाई म्हणतात. त्यांचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत. एका सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “साहेब, तुमचा सिनेमा मला ऐकू येत नाही हो, पण माझ्या फडताळातल्या कपबश्यांना येतो. आणि यांना वाटतं, पलंग हलतोय. रात्री घाबरे होतात.”

मी नियमांचा माणूस. त्या रात्री चित्रपट चालू ठेवून, आवाजमापक घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. मापकावर ३८ चा आकडा होता. तो मी बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला, आणि काही न बोलता फडताळाचे दार उघडले. आत बश्या किणकिणत होत्या.

याचा खुलासा मला वर येऊन पुस्तक उघडल्यावर सापडला. नियमांतील डेसिबेल ‘ए’ या मापाचा असतो. तो हळू आवाजाला कान जसा प्रतिसाद देतो त्या बेताने केलेला आहे. त्यात ६३ हर्ट्झच्या नादातून २६ डेसिबेल आणि साडेएकतीस हर्ट्झच्या नादातून तब्बल ३९ डेसिबेल वजा केले जातात. म्हणजे मापक ३८ म्हणत होता तेव्हा बाईंच्या खोलीत खर्जाचे खरे बळ सत्तरांच्या घरात असू शकत होते. शिवाय स्वर जितका खोल तितकी भिंत त्याला कमी अडवते. सहा इंची स्लॅब संवाद थांबवतो, भूकंप थांबवत नाही. नियमाच्या दृष्टीने मी निर्दोष होतो आणि खाली एक आजारी माणूस घाबरून जागा होता.

उपाय थोडेच असतात. पेटीखाली जाड रबर आणि त्यावर फरशी ठेवली; त्याने जमिनीतून थेट जाणारी थरथर कमी झाली, हवेतून जाणारी नाही. ध्वनिवर्धकात ३० हर्ट्झखाली गाळणी लावली. पेटीचा जोर ८ डेसिबेलने उतरवला, आणि कोच पेटीच्या जवळ ओढून घेतला, कारण जवळ बसणाऱ्याला तोच अनुभव कमी आवाजात मिळतो. नळीच्या पेटीपेक्षा बंद पेटी येथे उपयोगी पडली.  मग पुन्हा खाली गेलो. या वेळी मापक नेला नाही. बाईंनी फडताळातली एक बशी दुसरीवर तिरपी टेकवून ठेवली, आणि आम्ही दोघे ती पाहत बसलो. नऊ वाजता ती गप्प होती. पावणेदहाला एका विमानाच्या प्रसंगी एकदा किणकिणली. आता तसले चित्रपट आम्ही रविवारी दुपारी, त्यांच्या यजमानांना चाकाच्या खुर्चीतून बागेत नेलेले असते त्या वेळी पाहतो, आणि सुरू करण्यापूर्वी मी बाईंना फोन करतो.